ताई, त्या रात्री कीबोर्ड माझ्याच हातात ठेवलात

ताई,

तुमचं नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण परळच्या त्या गाळ्यात सोमवारी रात्री मुलुंडहून पावसात भिजत कोण आलं होतं, ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

चूक माझीच. पॅथॉलॉजी लॅबच्या डेटाबेसमध्ये बिलांच्या टेबलातला रेफर करणाऱ्या डॉक्टरांचा कॉलम मी जुना समजून उडवला. रविवारी रात्री एक वाजता, बॅकअप चालू असताना. रेप्लिका आहे (दुसऱ्या सर्व्हरवरची, आपोआप जुळत राहणारी प्रत), बॅकअप आहे, आपल्याला काय भीती! रेप्लिकेने तोच ऑल्टर, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी माझी कमांड, इमानदारीत स्वतःवर चालवला. बॅकअपला वाटेत बदललेलं टेबल सापडलं, तो एरर देऊन तिथेच थांबला. आणि आमच्या स्क्रिप्टने बॅकअपचा नाही, फक्त फाइल आवळणाऱ्या जीझिपचा निकाल बघून ‘यशस्वी’ असा मेल पाठवला.

वर्षाच्या सुरुवातीलाच एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे मोजून घेणारे आमचे कन्सल्टंट सकाळी फोनवर म्हणाले, ‘रेप्लिकेवरून घ्या.’ मग फोन बंद. रेप्लिका अडली की एक इव्हेंट (मुख्य सर्व्हरवरून आलेला बदल) स्किप करायचा आणि पुढे ढकलायचं, हा यांचा दोन वर्षांचा रामबाण. दर स्किपला एखादी ओळ गळत होती आणि आम्ही ‘लॅग शून्य’, म्हणजे रेप्लिका मागे पडलेली नाही, एवढंच बघून खूश होतो. तुम्ही दोन्हीकडचा डेटा ताडणारा चेकसम चालवलात तेव्हा तीन टेबलं जुळेनात.

तुम्ही आलात, ओली छत्री दारात उघडून ठेवलीत. मी खुर्चीतून उठायला लागलो, तर म्हणालात, ‘बस. तूच टाइप कर. एंटर मारायच्या आधी मोठ्याने वाच.’

ताई, दिवसभर मला कोणी माउसलाही हात लावू दिला नव्हता. साहेबांनी तर माझा पासवर्डच बदलला होता. माझी बोटं थरथरत होती, तरी तुम्ही कीबोर्ड ओढून घेतला नाहीत. पहिली कमांड मी वाचली, आवाज फुटेना. ‘परत वाच,’ एवढंच म्हणालात, आणि खाली सायकलवाल्याकडून दोन कटिंग आणायला स्वतः गेलात. स्क्रीनसमोर मला एकट्याला सोडून.

रविवारच्या फाइलची शेवटची ओळ बघायला लावलीत. बॅकअप पुरा झाल्याचं ‘डम्प कम्प्लीटेड’ नव्हतं. शनिवारच्या फाइलला होतं. ती जुन्या मशीनवर चढवली आणि त्यावर बायनरी लॉग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदी, माझ्या त्या ऑल्टरच्या अगदी आधीपर्यंत चालवले. आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर मायएसक्यूएल 8.0 हे लॉग मुळातच 30 दिवस ठेवतं. आमच्याकडे कोणी सेटिंगला हात लावला नव्हता, आळस असा कामी आला. पहाटे डॉक्टरांची नावं परत दिसली तेव्हा मी उठून बाथरूममध्ये गेलो. तुम्ही काही विचारलं नाहीत.

जाताना सांगितलंत ते अजून डोक्यात घोळतंय: ऑल्टर मुख्य सर्व्हरवर संपल्यावरच रेप्लिकेवर सुरू होतो. आमचा वीस मिनिटं चालला होता. तेवढ्या वेळात रेप्लिका थांबवली असती, तर कॉलम तिथे शाबूत होता. हे तुम्ही मला खिजवायला नाही, पुढच्या वेळेसाठी सांगितलंत, हे आवाजावरून कळत होतं.

आमच्या धंद्यात हुशार माणसं पैशाला पासरी मिळतात. समोरच्याची लाज राखून काम करणारी मात्र मी फार पाहिली नाहीत. पैशांचं विचारलं तर ‘लोकलचा पास आहे माझा’ म्हणून हसलात.

स्क्रिप्ट दुरुस्त केली आहे. बॅकअपआधी ‘लॉक इन्स्टन्स फॉर बॅकअप’ घेतो. तो असेपर्यंत ऑल्टर ताटकळतो, बिलं मात्र बनत राहतात. रेप्लिका नव्याने उभी केली. एएमसीचं नूतनीकरण केलेलं नाही.

या शनिवारी पुन्हा एक कॉलम वाढवायचा आहे. बॅकअप संपल्यावरच. शेवटच्या ओळीचा फोटो पाठवीन. झोपला असाल तर सकाळी बघा.

तुमचा,
परळचा तो थरथरणारा