रिकाम्या तिजोरीचा गव्हर्नर

महोदय,

‘कर कमी करू’ ही घोषणा ऐकली की मला, जन्मभर बँकेत नोटा मोजलेल्या माणसाला, अमेरिकेतील नेब्रास्काचे गव्हर्नर नॉर्बर्ट टीमन आठवतात. हजारभरही वस्ती नसलेल्या वॉसा गावात बँक चालवणारे आणि तिथलेच महापौर राहिलेले टीमन १९६६ मध्ये ज्या मतदानात निवडून आले, त्याच मतदानात जनतेने राज्याचा मालमत्ता कर आणि नवा प्राप्तिकर असे दोन्ही उडवून लावले होते. म्हणजे खुर्ची मिळाली, तीही रिकाम्या तिजोरीसमोर! जमाखर्चाचे भान असलेल्या या गृहस्थांनी १९६७ मध्ये विक्रीकर आणि प्राप्तिकर आणले, दुकानातल्या पावतीवर चिल्लर वाढली आणि १९७० मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवले. त्यांना हरवणाऱ्या जे. जे. एक्सॉन यांनी ते कर मात्र चालूच ठेवले.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली