लंडनचा नववा डाव

प्रिय विनय,

तुझं पत्र परवा मिळालं. बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हणून चाली लिहिलेला कागद तू फाडून टाकलास, हे वाचून फार वाईट वाटलं. सी४ने, म्हणजे सी पट्टीतलं (उभ्या ओळीतलं) प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात करायची, वरचढ व्हायचं आणि हातात अर्धाच गुण पडायचा, ही सल मी जाणतो. म्हणून तर रात्री पट मांडून लंडनचा तो डाव पुन्हा खेळून बघितला. तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन आणि त्याचा आव्हानवीर फाबियानो कारुआना, २१ नोव्हेंबर २०१८, जगज्जेतेपदाच्या लढतीतला नववा डाव.

फुटबॉल खेळताना धडक बसून कार्लसनचा डोळा काळानिळा झाला होता. तसाच तो पटावर बसला आणि सी४ खेळला. मग जी३, उंट जी२वर. तुझीच आवडती मांडणी. चौथ्या डावातही हीच वाट होती, पण तेव्हा नवव्या चालीला दुसरा उंट डी२वर थांबला होता. या वेळी तो थेट जी५वर गेला. सतराव्या चालीला कारुआनाने एफ३वरचा घोडा मारला. कार्लसनने लगेच मारलेलं परत घेतलं नाही. आधी वजिराने बी३वरून शह दिला, मग उंटाने मारलं. त्या एका शहाने सगळं पारडं फिरलं.

उरले विरुद्ध रंगाचे उंट, म्हणजे एकाचा फक्त पांढऱ्या घरांवरून फिरणारा, दुसऱ्याचा फक्त काळ्या. नुसते उंट आणि प्यादी असती तर बरोबरी जवळपास ठरलेलीच. पण वजीर-हत्ती पटावर असताना असा उंट हल्ला करणाऱ्याचा जादा मोहरा ठरतो, कारण तो ज्या घरांवर मारा करतो ती समोरच्या उंटाला राखताच येत नाहीत. कार्लसनने दाब वाढवत नेला असता तर कारुआनाचे हाल होते. त्याने मात्र एच पट्टीतलं प्यादं घाईने एच५वर ढकललं आणि कारुआनाने ते जी प्याद्याने घेऊन टाकलं! एका पट्टीत दोन प्यादी, राजासमोरची भिंत मोडलेली. तू-मी असं मारायला धजलो नसतो. पण त्यानेच हल्ल्यातली हवा गेली. ५६ चालींनी बरोबरी.

अरे, त्या लढतीतले बाराही डाव बरोबरीत सुटले. पण या डावाला मिळमिळीत कोण म्हणेल? मला तर तो कित्येक जिंकलेल्या डावांहून जवळचा वाटतो.

तुझ्या प्रतिस्पर्ध्याने चाली लिहिल्या असतीलच, त्या मागून घे आणि मला पाठव. तुझं एच प्यादं कितव्या चालीला पुढे गेलं, ते मला बघायचंय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद