‘गुदमरून मृत्यू’ एवढं लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेप्टिक टँकमध्ये तिघे दगावल्याची बातमी काल आतल्या पानावर वाचली. एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. शेवटी ‘गुदमरून मृत्यू’. गाव आणि आकडा बदलून हीच बातमी किती वर्षं छापायची?

पहिला वायूने गेला हे खरं. पण दुसरा आणि तिसरा गेले, कारण पहिल्याला वरून ओढायला काहीच नव्हतं. एप्रिल २०२४ मधलं नेवासा तालुक्यातलं वाकडी आठवा. शेणाची स्लरी साठलेली जुनी विहीर, आत पडलेलं मांजर, आणि एकाला काढायला दुसरा असे एकामागोमाग उतरलेले लोक. पाच जण गेले. एक वाचला, कारण उतरताना त्याने कमरेला दोर बांधला होता. विहीर तीच, वायू तोच.

‘वास येत नव्हता, म्हणून उतरलो’ असं कामगार सांगतात आणि बातमीतही ते तसंच येतं. टाकीतला मैला कुजून होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू थोडा असतो तेव्हाच. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं, तेव्हा तो वाढलेला असतो. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराला एक-दोन श्वासांत.

हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकणापाशी सगळं ठीक वाटतं. शिवाय तो गाळात अडकलेला असतो. बांबूने ढवळलं, वरची साय फुटली की भसकन सुटतो. म्हणून वायू मोजायचा मीटर झाकणाशी धरून ‘चेक केलं’ म्हणण्याला काही अर्थ नाही. नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचं आणि काम चालू असेपर्यंत मीटर माणसाच्या छातीवर चालू ठेवायचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. काडी किंवा कंदील आत सोडून बघायची पद्धत तर बंदच करा. टाकीत मिथेनही असतो, भडका उडतो.

आत ताजी हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या पाइपचं तोंड गाळाच्या जेमतेम वर हवं, आणि ब्लोअर जनरेटरच्या धुरापासून लांब. नाहीतर त्याचा कार्बन मोनॉक्साइड आपणच आत सोडतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा फिल्टरचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. पाठीवरचं हवेचं सिलिंडर किंवा बाहेरून हवा आणणारी नळी, एवढंच चालतं. आणि नुसता कमरेचा दोर शेवटचा उपाय समजा. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि टाकीच्या दोन फुटी तोंडात अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांद्या-मांड्यांना धरणारे पट्टे, असेल आणि दोर खांद्यांमागच्या कडीला असेल, तर तो उभाच वर येतो. वर तिपाई आणि हाताने फिरवून दोर गुंडाळायचा विंच असला की एकटा माणूसही त्याला काढू शकतो, कोणाला आत उतरावं लागत नाही.

अर्थात मैला ओढणारी गाडी बोलावली तर यातलं बरंचसं लागतच नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात किंवा टाकीत उतरवायला बंदी आहे, थेट किंवा कोणामार्फत. म्हणजे ठेकेदाराला पैसे दिले की सोसायटीची जबाबदारी संपली, असं नाही. गटारात मेलेल्याच्या वारसांना तीस लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तीन हार्नेस आणि एक तिपाई त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

आणखी एक. बातमीत मृतांची नावं, वयं, मूळ गावं सगळं होतं. त्यांना आत कोणी उतरवलं, ते मात्र नव्हतं. पुढच्या वेळी वार्ताहराला चारच गोष्टी विचारायला सांगा: काम कोणी दिलं, मीटर होता का, हार्नेस होता का, वर कोण उभं होतं.

आपला,
औद्योगिक सुरक्षेच्या कामातला एक वाचक, पिंपरी