चष्म्याच्या दोन खुणा पाहणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी आणून आता तीन महिने झाले. आपल्या वॉर्डातून निघताना मी तोंडाने आभार मानले होते, तेव्हा आपण "अहो ताई, ड्युटीच आहे ही" एवढेच म्हणून पुढच्या खाटेकडे वळला होतात. ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. ती ड्युटी होती हे खरेच. परंतु त्याआधीचे नऊ दिवस आम्ही जिथे काढले, तिथेही सर्वजण ड्युटीच करत होते. म्हणून हे पत्र आपल्याला एकटीला न पाठवता जाहीरपणे लिहीत आहे. नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मात्र मी पाळते.

गेल्या भाद्रपदात, गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी, आप्पांचा उजवा हात शिलाई मशीनवरून खाली घसरला तो पुन्हा वर आलाच नाही. फलटणच्या बाजारपेठेत पन्नास वर्षे लोकांचे कपडे शिवलेला हा ७४ वर्षांचा माणूस त्या क्षणापासून बोलेनासा झाला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते, हे आम्हाला मागाहून कळले. त्या वेळी आम्ही फक्त धावलो आणि मोठ्या शहरातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले.

तिथले औषधोपचार चुकले असे मी म्हणत नाही; ते ठरवण्याचे ज्ञान माझ्यापाशी नाही. इंजेक्शने वेळेवर दिली जात होती, तपासण्या होत होत्या, यंत्रांवरचे आकडे दर तासाला टिपले जात होते. परंतु त्या नऊ दिवसांत आप्पांकडे कोणी पाहिले नाही. त्यांना 'अकरा नंबर' म्हणत. कानाशी येऊन "आजोबा, इकडे बघा" असे ओरडत, आणि आप्पा छताकडेच पाहत राहिले की "पेशंटला भान नाही" असे आम्हाला सांगून निघून जात. चौथ्या दिवशी त्यांनी नाकातली नळी ओढून काढली, तेव्हा त्यांचा डावा हात, चालू राहिलेला तो एकुलता एक हात, बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधण्यात आला. मी हरकत घेतली तेव्हा "नळी पुन्हा निघाली तर जबाबदारी तुमची" असे मला सुनावण्यात आले. पैसे संपले म्हणून आम्ही आप्पांना आपल्या सरकारी रुग्णालयात हलवले, तेव्हाही तो हात स्ट्रेचरला बांधलेलाच होता. नाइलाजाने आलो होतो, हे आज कबूल करताना मला लाज वाटते.

आपली रात्रपाळी नुकतीच सुरू झाली होती. अडतीस खाटांचा तो वॉर्ड, मध्ये जमिनीवर घातलेल्या गाद्या, आणि रात्री आपण दोघीच सिस्टर. आपण आलात, आमची फाईल हातात घेतलीत, परंतु ती उघडण्याआधी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहत क्षणभर थांबलात. मग त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बोट नेऊन आपण मला विचारलेत, "यांच्या नाकावर चष्म्याच्या खुणा आहेत. चष्मा कुठे आहे?"

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. पहिल्या दिवशी दाखल करताना तिथल्या लोकांनी घड्याळ, अंगठी आणि चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिला होता, आणि सांभाळून ठेवायची वस्तू म्हणून मी तो नऊ दिवस सांभाळून ठेवला होता. आप्पांचा नंबर उणे सहा आहे. चष्म्याशिवाय त्यांना वीतभरापलीकडचा चेहरा ओळखू येत नाही. नऊ दिवस त्यांच्याभोवती पांढरे, हिरवे आणि निळे डाग हलत होते, त्यांतले काही कानाशी ओरडत होते, काही सुया टोचत होते, आणि नाकावर काहीतरी चिकटले होते. ते काय आहे हे त्यांना दिसत नव्हते आणि विचारायला वाचा नव्हती.

आपण तो चष्मा बेसिनवर साबणाने धुतलात, कोरड्या गॉझने पुसलात आणि उशीत दबलेला कान मोकळा करून त्यांच्या डोळ्यांवर नीट चढवलात. मग वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिलात. अशा रुग्णाला कधी कधी उजवीकडचे दिसत नाही, हे आपण मला नंतर सांगितलेत. घरी यांना काय म्हणतात ते आपण विचारून घेतलेत आणि म्हणालात, "आप्पा, मी सिस्टर आहे. तुम्ही दवाखान्यात आहात, तुमची मुलगी इथेच उभी आहे. तुमच्या नाकात जेवणाची नळी आहे, तिला हात लावायचा नाही. आता मी तुमचा हात सोडते. कळले असेल तर डोळे मिटा." आणि आपण थांबलात. दुसऱ्यांदा विचारले नाहीत, आवाज चढवला नाहीत, फक्त थांबलात. बऱ्याच वेळाने आप्पांनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांची नजर पंख्यावर गेली, सलाईनच्या बाटलीवर गेली, आपल्यावर आली आणि शेवटी माझ्यावर येऊन स्थिरावली. ज्यांना भान नाही असे नऊ दिवस सांगितले जात होते, त्या माझ्या वडिलांनी मला ओळखले. त्यानंतर त्यांनी नळीला एकदाही हात लावला नाही.

सिस्टर, या कामाला माया लागते असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मीही तसेच मानत आले होते. परंतु माया करणारी आम्ही चार माणसे त्या खाटेभोवती नऊ दिवस उभी होतो. आई होती, जिने पन्नास वर्षे रोज रात्री तो चष्मा काढून कोनाड्यात ठेवला होता. आमच्यापैकी एकालाही ते सुचले नाही. आमची माया भीतीने आंधळी झाली होती, आणि आपण, ज्यांचे आप्पांशी काही नाते नव्हते, अर्ध्या मिनिटात त्यांच्या नाकावरच्या खुणा पाहिल्यात. तेव्हापासून मला वाटू लागले आहे की परिचारिकेपाशी सर्वांत आधी हवा तो डोळा, आणि तो नुसता चांगुलपणाने येत नाही; तो शिकावा लागतो आणि रोज वापरावा लागतो.

त्याच रात्री आपण आप्पांना कुशीवर वळवलेत आणि माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा आम्हाला दाखवलात. त्यावर बोटाने दाबून आपण म्हणालात, "लाली जात नाही, म्हणजे आतली कातडी दबून दुखावली आहे." आई तिथे रोज तेल चोळत होती, दुखावलेल्या जागी चोळल्याने आणखी इजा होते, हे आपण तिला इतक्या हळुवारपणे सांगितलेत की तिला अपराधी वाटले नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओढायचे नाही, खालच्या चादरीसकट उचलायचे, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यायची, लुळ्या हाताला धरून कधीच वर खेचायचे नाही कारण खांदा निखळतो, हे सगळे आपण करून दाखवलेत आणि मग माझ्याकडून करून घेतलेत. तो चट्टा बारा दिवसांत मावळला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेली आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे सांभाळले, आणि इतका दीर्घ काळ पडून राहूनही तिला बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, झाला नाही याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात घेतली. हे मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचले होते आणि सेवाभावाची एक हृद्य गोष्ट म्हणून विसरून गेले होते. दर दोन तासांनी एक कूस म्हणजे दिवसाला बारा वेळा, आणि असे ४२ वर्षे, हा हिशेब आप्पांच्या खाटेशी बसून पहिल्यांदा माझ्या ध्यानात आला. केवढी माणसे पाळ्या बदलत आली आणि गेली असतील, आणि एकीनेही आधीचीवर विसंबून एक कूस चुकवली नसेल. त्यामागे केवळ हळवे मन नाही. त्यामागे शिस्त आहे, दणकट पाठ आहे, आणि कोणी पाहत नसतानाही काम तसेच करण्याची वृत्ती आहे.

आपल्या एका सवयीचे मला विशेष आश्चर्य वाटे. आपण नाडी पाहण्यासाठी आप्पांचे मनगट धरत होतात, परंतु नाडी मोजून झाली तरी हात सोडत नव्हतात. पाचव्या रात्री मी विचारले तेव्हा कळले की आपण श्वास मोजत होतात. मोजले जात आहे हे रुग्णाला कळले तर तो नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून मनगट धरून ठेवायचे आणि छातीकडे पूर्ण मिनिटभर पाहायचे. त्याच रात्री अडीच वाजता आकडा २८ वर गेला. ताप नव्हता, यंत्र काही ओरडत नव्हते. आपण डॉक्टरांना फोन केलात, सकाळी पाहू असे उत्तर आले असावे, कारण दहा मिनिटांनी आपण पुन्हा फोन केलात आणि अत्यंत शांत आवाजात म्हणालात, "सर, मला हा पेशंट ठीक वाटत नाही. आपण येऊन पाहावे." ते आले. फुप्फुसात संसर्ग सुरू झाला होता आणि तो वेळेत सापडला. वरिष्ठाला रात्री अडीच वाजता दुसऱ्यांदा उठवायचे, तेही आवाज न चढवता आणि मागे न हटता, हे धैर्य मी नोकरीच्या बावीस वर्षांत क्वचित पाहिले आहे.

माझी भाची यंदा बारावीला आहे आणि तिला जी. एन. एम., म्हणजे परिचारिकेचा अभ्यासक्रम, करायचा आहे. घरात यावर दोन मते होती. एक मत असे की मुलगी मनाने मऊ आहे, तिला हे छान जमेल. दुसरे, जे बोलले जात नव्हते परंतु सर्वांना कळत होते, असे की दुसऱ्यांची घाण काढायचे काम आपल्या मुलीने का करावे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हाही लोक हेच विचारत असतील. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी प्रश्न आमच्या घरात तसाच बसलेला होता. मी तिला आपल्याकडे घेऊन आले होते, आठवत असेल. आपण तिला रक्ताची भीती वाटते का हे विचारले नाहीत. आपण विचारलेत, "तुझ्या शेजारी वर्गात कोण बसते? तिचा आज मूड कसा होता?" तिने सांगितले, अगदी तपशिलाने सांगितले. तेव्हा आपण म्हणालात, "मग ये. बाकीचे शिकवता येते."

तिला आपण सलाईनचे थेंब घड्याळावर मोजायला लावलेत, अर्धा लिटर सहा तासांत द्यायचे तर मिनिटाला २८ थेंब हे गणित कागदावर करून घेतलेत, आणि ती चुकली तेव्हा हसला नाहीत. इथे चूक म्हणजे माणूस, एवढेच म्हणालात. घरी परतताना ती बराच वेळ गप्प होती. आता ती गणिताचा अभ्यास अधिक करते.

सभ्यपणा हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. गोड बोलले की झाले, असे समजतो. त्या खासगी रुग्णालयात स्वागतकक्षातील माणसे अतिशय गोड बोलत. आपल्या वॉर्डात रंग उडालेल्या भिंती होत्या, पडदा एकच होता, आणि तो आपण आप्पांना पुसून काढण्याआधी प्रत्येक वेळी त्यांच्या खाटेपाशी ओढून आणत होतात. शेजारच्या खाटेवरचा एक मजूर एकटाच होता, त्याला भेटायला कोणी येत नसे. त्याच्यासाठीही तो पडदा तितकाच ओढला जात होता. त्याची आपण कधी वाच्यता केली नाहीत. मी पाहिले म्हणून मला माहीत आहे.

आप्पा आता उशीला टेकून बसतात. पेज चमच्याने, हनुवटी किंचित खाली ठेवून, आपण शिकवल्याप्रमाणे घेतात, आणि नंतर अर्धा तास आम्ही त्यांना आडवे होऊ देत नाही. चार शब्द परत आले आहेत: आईचे नाव, 'नको', 'बास' आणि, कसा कोण जाणे, 'काज'. डाव्या हाताच्या बोटांनी ते चादरीची शिवण तपासत असतात. त्या रुग्णालयात याच हालचालीला चाळे म्हणत. आपल्याला ते शिंपी आहेत हे कळले, तेव्हा आपण त्यांच्या हाती उशीचा अभ्रा दिला होतात.

निघण्याच्या आदल्या रात्री चष्मा घसरू नये म्हणून आपण बँडेजच्या पट्टीची दोरी वळून दोन्ही काड्यांना बांधली होतीत. घरी आल्यावर भावाने दुकानातून चांगली काळी दोरी आणली. आप्पांनी ती लावू दिली नाही. "नको" म्हणाले, हा त्यांचा परत आलेला पहिला शब्द. ती पट्टी आता मळली आहे. दर रविवारी आई ती धुते आणि वाळेपर्यंत आप्पा खिडकीतल्या तारेकडे पाहत बसतात.

आपली कृतज्ञ,
आप्पांची मुलगी