अमोल, गुडघ्याबद्दल लिहिणार नव्हते

चिंचवड, गुरुवार

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

"आई, नंतर बोलतो" म्हणून तू फोन ठेवलास आणि नंतर काही आला नाही. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतोस. पत्र मध्येच ठेवलंस तरी परत उचलशील.

इकडे सगळं ठीक आहे. बाळाचं वजन वाढतंय. नाक आपल्याकडचं आहे, सगळे म्हणतात. ताई अजून अशक्त आहे आणि डिंकाच्या लाडवाला तोंड लावत नाही. माझी इथली मुदत जावईबापूंनी परत वाढवलीय. ओवीला सांग, आजी परीक्षा संपायच्या आत येते.

रविवारची सेमीफायनल आम्ही टीव्हीवर बघितली, यूट्यूबवरून. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची हलगी इथल्या हॉलमध्ये वाजायला लागली आणि मला बसवेना. दुसऱ्या हाफमध्ये तू दोघांच्या मधून तो पास काढलास ना, मान वर न करता, तो मी जन्मात विसरणार नाही. धावणारा पोरगा अजून तिथं पोचलाही नव्हता आणि तू चेंडू तिथं ठेवून मोकळा. कॉमेंट्रीवाला गोल मारणाऱ्याचं नाव घेऊन ओरडत होता, मी तुझं घेतलं. बाळ दचकून उठलं.

मग तू पडलास. कुणाचा धक्का नव्हता, पाय आडवा नव्हता. नुसता वळलास आणि खाली बसलास. धक्का लागलेला माणूस कळवळतो, रेफ्रीकडं हात करतो. तू काहीच बोलला नाहीस, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिलास. जावईबापू म्हणाले, क्रॅम्प असेल. मी आत गेले. टायब्रेकर बघितला नाही. आपण जिंकलो हे ताईनं येऊन सांगितलं.

या पत्रात गुडघ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण बघ, तिथंच आले.

एमआरआय झाला आणि गादी फाटलीय, एवढं प्रियांकाकडून कळलं. लिगामेंटचं काय? तिला सांगता आलं नाही, का तू तिलाही सांगितलं नाहीस? मागच्या वेळी मांडीमागची शीर काढून तिथं बसवली होती, तीच आता ढिली झाली असेल तर डॉक्टर काय म्हणाले? आणि बंड्या ताईला म्हणाला की तू रविवारी फायनलला इंजेक्शन घेऊन शेवटची वीस मिनिटं उतरायचं म्हणतोयस. हे खरं असेल तर मला सरळ सांग. इंजेक्शननं दुखणं कळायचं थांबतं, फाटलेलं शिवलं जात नाही. एवढं मला, सातवी शिकलेल्या बाईला, कळतं. तुला तर डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवलीय.

तू नेहमी त्या अमेरिकेतल्या टॉम ब्रॅडीचं सांगतोस. नील्यानं तुझ्या डोक्यात घातलेला. त्यांचं फुटबॉल वेगळं, चेंडू हातात घेऊन फेकतात, पण क्वार्टरबॅक म्हणजे सगळा डाव चालवणारा माणूस, तुझ्यासारखाच, एवढं मी समजून घेतलंय. ताईकडून मी त्याचं सगळं वाचून घेतलं. २००८ मध्ये सीझनच्या पहिल्याच मॅचला त्याचा डावा गुडघा गेला, पूर्ण वर्ष वाया गेलं, आणि त्यानंतर तो आणखी चार सुपर बोल, म्हणजे त्यांच्या फायनली, जिंकला. तू हे चार सांगतोस. तो तेव्हा ३१ वर्षांचा होता, हे सांगत नाहीस. तू ३६ चा आहेस अमोल, आणि तुझा हा दुसऱ्यांदा गेलाय.

आणखी एक. त्याच्या पुढं पाच धिप्पाड माणसं फक्त त्याला सांभाळायला उभी असतात. तुझ्यापुढं कोण असतं? समोरच्या टीमनं आणलेला, तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, घोड्यासारखा पळणारा पोरगा तुझ्या अंगावर येतो आणि गॅलरीतून सगळी पेठ ओरडते, "अमोल, घे!" तू घेतोस. दरवेळी घेतोस. म्हणून तर लोकांचा जीव आहे तुझ्यावर.

तोच ब्रॅडी २०२२ च्या फेब्रुवारीत थांबतो म्हणाला आणि मार्चमध्ये परत आला. चाळीस दिवस घरी बसवलं नाही त्याला. तू गेल्या वर्षी तालमीसमोर शाल-श्रीफळ घेतलंस, आबाकाकांनी भाषण केलं, माझ्या डोळ्यांना पदर लागला. आणि जानेवारीत टीम सलग दोन मॅच हरली तसा तू कपाटावरून किट काढलंस. मी काही बोलले नाही तेव्हा. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं होतं. तुला निळा शर्ट घालून गल्लीतून जाताना बघितलं की मला अजून तू दहावीतला दिसतोस.

सुनील छेत्रीची इंडियाकडून शेवटची मॅच आपण दोघांनी मिळून बघितली होती, ६ जून २०२४, कोलकात्याला, कुवेतबरोबर. एकही गोल झाला नाही. तो रडत होता आणि तू उठून गच्चीवर गेलास. मग पुढच्या मार्चमध्ये, चाळिशीत, तो परत आला आणि मालदीवविरुद्ध डोक्यानं गोल केला. तू मला मोबाइल आणून दाखवलास, "बघ आई, ९५ वा." तुझा चेहरा एवढा उजळलेला मी ओवी झाल्यावर बघितला होता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं आणि आशिया कपचं दार बंद झालं, त्या रात्री तू जेवला नाहीस. छेत्री वाईट खेळला असं मी म्हणत नाही. पण परत येणाऱ्याला प्रत्येक वेळी मालदीव मिळत नाही, कधी फातोर्डाही मिळतं. आणि छेत्रीमागं फिजिओ असतात, त्याचं खाणं-झोपणं मोजणारी माणसं असतात. तू गोकुळ शिरगावला सेकंड शिफ्ट करतोस, आठ तास मशीनसमोर उभा, आणि पहाटे साडेपाचला प्रॅक्टिस. गुडघा गेला तर त्याचा फक्त खेळ बंद झाला असता. तुझी शिफ्टही बंद होईल.

हे लिहायचं नव्हतं. भाषण झालं. राग मानू नकोस.

तुला बाबांचं आठवतं का रे, म्हणजे खेळतानाचं? तू लहान होतास. ते बॅक होते. गांधी मैदानावर तेव्हा गवत नव्हतं, नुसती माती आणि खडी. पडले की मांडी सोलून निघायची. मी गरम पाण्यात हळद घालून पुसायची आणि ते दात आवळून रेडिओ ऐकायचे. गुडघ्याला हाडवैद्याची पट्टी, आठवड्यानं परत मैदानात. एमआरआय कुणी ऐकला होता! तालमीत कुस्तीची माती, आणि बाहेर कट्ट्यावर रात्री अकरापर्यंत फुटबॉलच्या गप्पा. संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला जायचे ते सगळे मिळून, म्हशी समोर उभ्या, धारोष्ण, फेस मिशीला. घरी आले की मिशीवरून कळायचं जिंकले का हरले. हरले की दूध प्यायचे नाहीत.

त्यांना कुणी शाल दिली नाही. एका वर्षी फळ्यावर टीमची यादी लागली आणि त्यात नाव नव्हतं. तू आणि ताई झोपला होतात. आले, चपला काढल्या, म्हणाले, "यंदा नवीन पोरांना खेळवतायत, बरं झालं, मी पण दमलो होतो." मी जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत तालमीकडं गेले, यादी परत बघायला. हे मला नंतर आबाकाकांनी सांगितलं. त्यानंतर मैदानाच्या बाजूनं जायचं नको म्हणून कामावर जायला लांबचा रस्ता धरायला लागले. तुझी पहिली मॅच होती तेव्हाच परत स्टेडियमवर गेले.

त्यांचा गुडघा तू बघितलायस, त्याबद्दल काय लिहू? गौरीच्या जेवणाला सगळी पंगत खाली आणि त्यांना भिंतीकडेला खुर्ची. जोतिबाच्या पायऱ्या जमायच्या नाहीत. ओवी पहिल्यांदा रांगत त्यांच्या पायाशी आली, दोन्ही हात वर केले, आणि त्यांना वाकून तिला उचलता आलं नाही. त्यांनी मला हाक मारली. तू तेव्हा कामावर होतास. मी तुला हे सांगितलं नव्हतं कधी. ते रडणारे नव्हते, त्या दिवशीही रडले नाहीत. फक्त म्हणाले, "अमोलला सांगू नकोस."

आता सांगितलं. तेव्हा तू चांगला खेळत होतास, तुझ्या डोक्यात नको ते घालायचं नव्हतं त्यांना.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. फुटबॉल सोडलं तर मी कोण? तू हे मला म्हणाला नाहीस, प्रियांकाला म्हणालास, आणि तिनं मला सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. अरे, तुझ्या पेठेत रस्त्यावरून चाललास की शाळेतली पोरं दप्तर सावरत बाजूला होतात. अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक आईला वाटतं आपलंही पोरगं तिथं जाईल. त्या पोरांना शिकवणार कोण? तुला कोचिंगचा डी लायसन्सचा कोर्स करायचा होता ना? फॉर्म आणलास, टेबलावर ठेवलास आणि सीझन आला. ओवीच्या शाळेतल्या पोरी रोज मैदानावर चेंडूमागं झुंडीनं पळतात, जागा सोडून. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे की चेंडू आपल्याकडं येणार नसतानाही कुठं उभं राहायचं. तुझ्याइतकं हे कुणाला कळतं? तू सहावीत होतास तेव्हा माझ्या जोंधळ्याच्या डब्यातले दाणे काढून फरशीवर टीम मांडायचास, आणि मला विचारायचास, "आई, हा इथं गेला तर तो कुठं जाईल?" मला कधीच सांगता यायचं नाही. बाबा यायचे, उभ्याउभ्या एक दाणा पायानं सरकवायचे. बरोबर असायचा.

परत मी कुठं गेले बघ.

थांब असा हुकूम मी करत नाही. तू मोठा झालास, तुझं घर आहे, तुझी पोरगी आहे. मला एवढंच पाहिजे की निर्णय गॅलरीतल्या ओरड्यात होऊ नये आणि फायनलच्या रात्रीही होऊ नये. रविवारी खेळू नकोस. हे मात्र मी सांगते, विचारत नाही. पुढच्या सीझनचं नोंदणीचं बघू तेव्हा बघू. ऑपरेशन करावं लागलं तर करू. मागच्या वेळी माझ्या पाटल्या गेल्या आणि गल्लीनं वर्गणी काढली, त्याचं ओझं तू अजून डोक्यावर घेऊन फिरतोस, म्हणून कुणी "खेळ" म्हटलं की तुला नाही म्हणता येत नाही. लोकांनी प्रेमानं दिलं होतं, अमोल. त्याची फेड तू केव्हाच केलीस. पाटल्यांचं तर नावच काढू नकोस, मला त्या कधी हाताला नीट बसल्या नव्हत्या.

टीमला तू बेंचवर बसलेला दिसलास तरी पुरे. त्या नवीन पोराला, सतरा नंबरच्या, हाफ टाइमला जवळ घेऊन सांग. तो चेंडू आला की खाली बघतो. तूही बघायचास, बाबांनी तुझी ती सवय घालवली.

प्रियांकाला सांग, हरभरा डाळ वरच्या फळीवर उजवीकडच्या डब्यात आहे, किडा लागायच्या आत उन्हात घाल. दुधाचा हिशोब मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. आबाकाकांकडं जाऊन ये, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून कुणी जात नाही, आणि तुझं कळल्यापासून त्यांनी दोनदा इथं फोन केला. फोनवर त्यांना माझं काही ऐकू आलं नाही, तेच बोलत राहिले, "पोराला सांभाळ" म्हणून.

डॉक्टरांकडं शनिवारी जायचंय ना? प्रियांकाला बरोबर ने. एकटा जाऊ नकोस, तू त्यांचं अर्धंच सांगतोस. गादी शिवायची का काढायची, नीट विचार, आणि काढली तर दहा वर्षांनी गुडघा कसा असेल तेही विचार. रिपोर्टचा फोटो ताईच्या व्हॉट्सॲपवर टाक. सगळी पानं टाक, फक्त पहिलं नको.

तुझी,
आई