संगणक खाली, टेबल वर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नव्या घराच्या भिंतींना गिलावा होण्याआधीच तू संगणक तळघरात ठेवण्याविषयी विचारलेस, हे फार बरे केलेस. या कामातला सर्वांत अवघड भाग गिलाव्याआधी अगदी सोपा असतो. नंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते. माझे तिन्ही संगणक खाली गेले त्याला आता दोन वर्षे होतील. जे जमले आणि जे चुकले, ते सगळे सविस्तर लिहितो.

मी हे का केले, ते तू जाणतोसच. आवाज ध्वनिमुद्रित करताना दोन वाक्यांमध्ये जी शांतता असते, तिच्यात पंख्यांची घरघर आणि हार्ड डिस्कची बारीक टकटक स्पष्ट उमटत असे. घरघर काढून टाकणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती घरघरीबरोबर आवाजाच्या कडाही तासून नेतात. श्वास घेतल्याचा आवाज अर्धवट कापला जातो आणि बोलणारा माणूस कुठेतरी काचेमागे बसल्यासारखा वाटतो. मोठे, संथ फिरणारे पंखे बसवून पाहिले, पेटीला आतून फोम लावून पाहिला. आवाज कमी झाला, पण संपला नाही, आणि फोममुळे पेटी तापू लागली ती वेगळीच. शेवटी लक्षात आले, की मला टेबलावर हवे होते ते पडदा, कीबोर्ड, माउस आणि ध्वनिमुद्रणाचा इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज संगणकापर्यंत पोहोचवणारी डबी. संगणक तिथे असण्याची गरजच नव्हती.

तू विचारलेस, की एवढ्या लांबून काम करताना विलंब जाणवत नाही का. अजिबात नाही. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. माझी २० मीटरची वाट त्याला १०० नॅनोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाची आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, तेव्हा एका चित्राच्या वाट्याला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ येतो. त्यापुढे या अंतराला काही किंमत नाही. नेटवर्कवरून दूरच्या संगणकाचा पडदा बघणे ही वेगळी गोष्ट. तिथे चित्र दाबून पाठवावे लागते, पुन्हा उलगडावे लागते, आणि तो वेळ हाताला कळतो. म्हणून मी थेट केबलचाच मार्ग धरला.

केबलची अडचण वेळेची नसून क्षीण होत जाणाऱ्या संकेताची आहे. ४के, म्हणजे ३८४० × २१६० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर नुसत्या रंगबिंदूंची माहितीच सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट होते. संगणकातून पडद्याकडे चित्र नेणाऱ्या तांब्याच्या साध्या एचडीएमआय केबलमधून इतक्या वेगाने पाच-सहा मीटरपलीकडे भरवसा राहत नाही: कधी चित्र क्षणभर काळे होते, कधी ठिपके चमकतात, आणि दोष पडद्याचा की ग्राफिक्स कार्डाचा, या शोधात आठवडा जातो. लांब अंतरासाठी ऑप्टिकल, म्हणजे आत काचेचे तंतू असलेली एचडीएमआय केबलच घे. तिच्या दोन्ही डोक्यांत छोटे परिपथ असतात. एक विजेचा प्रकाश करतो, दुसरा प्रकाशाची पुन्हा वीज. म्हणूनच ती केबल एकाच दिशेने चालते. एका डोक्यावर संगणकाची आणि दुसऱ्यावर पडद्याची खूण असते. मी ती खूण न बघता अख्खी केबल पाइपातून ओढून घेतली, दोन्ही टोके जोडली, आणि पडदा काळाच. दुसऱ्या दिवशी सगळी केबल बाहेर काढून, उलटी करून पुन्हा ओढावी लागली. तेव्हा ओढण्याआधी जमिनीवरच दोन्ही टोके जोडून चित्र येते ना, हे बघ, आणि मगच पाइपात घाल. तिला तीव्र वळण देऊ नकोस आणि डोक्याला धरून ओढू नकोस. आतला तंतू तुटला तर तो घरच्या घरी सांधता येत नाही.

मला खरा त्रास चित्राने दिला नाही, यूएसबीने दिला. यूएसबी २.० च्या एका केबलची मर्यादा ५ मीटर आहे. संगणक उपकरणाच्या उत्तरासाठी अगदी ठरावीक वेळच थांबतो. उत्तर त्या वेळेत आले नाही, तर ते आलेच नाही असे धरतो. मध्ये हब, म्हणजे संकेत पुढे पाठवणारी जोडपेटी, घालून वाट वाढवता येते, पण एका रांगेत पाचच हब चालतात, म्हणजे कागदावर ३० मीटर. मी तीन विस्तार-केबल एकापुढे एक जोडल्या. कीबोर्ड आणि माउस उत्तम चालले, मला आनंद झाला, आणि मग ध्वनिमुद्रणाचा इंटरफेस जोडला. दर दोन-तीन मिनिटांनी एक सूक्ष्म ‘टक्’ येई आणि आवाजाचा तुकडा गळे. ज्या घरघरीपासून पळायचे, तिच्या जागी याहून वाईट काही पदरी पडले, असे वाटून मी त्या रात्री फार खचलो होतो. कारण साधे होते. बारीक तारेतून इतक्या लांब येता येता ५ व्होल्टचा दाब उतरत होता आणि इंटरफेस अर्धपोटी चालत होता.

उपाय असा केला: यूएसबी ‘कॅट ६’ केबलवरून (नेटवर्कसाठी वापरतात त्या तांब्याच्या केबलवरून) नेणारी दोन डब्यांची जोडी घेतली, एक खाली, एक वर. वरच्या डब्याला स्वतःचा वीजपुरवठा आहे, त्यामुळे टेबलावरच्या उपकरणांना वीज तिथल्या तिथे मिळते. तेव्हापासून एकही ‘टक्’ नाही. ही केबल मात्र थेट डब्यापासून डब्यापर्यंतच जायला हवी, घरच्या नेटवर्कच्या स्विचमधून नाही. मायक्रोफोनची संतुलित केबल (वाटेतला विजेचा गोंगाट आपोआप वजा होईल अशी दोन तारांची) वीस मीटर सहज निभावते, तेव्हा इंटरफेसही खाली ठेवता आला असता. पण आवाजाची पातळी ठरवणारी कळ मला हाताशीच हवी होती.

आता तुझ्या गवंड्याला आजच सांगण्यासारखे. भिंतीत केबल पुरू नकोस, पाइप पुर. आज घेतलेली केबल काही वर्षांनी अपुरी पडणार, आणि तेव्हा ती ओढून काढता आली पाहिजे. एचडीएमआयचे डोके केबलपेक्षा बरेच रुंद असते, म्हणून पाइपाचा व्यास केबलवरून नव्हे, डोक्यावरून ठरव, आणि निम्म्याहून अधिक भरणार नाही असा घे. काटकोनी कोपरे टाळून लांब वळणाचे बेंड घे. आत नायलॉनची दोरी कायमची राहू दे, आणि प्रत्येक नव्या केबलबरोबर नवी दोरी आत ओढ. विजेच्या तारा वेगळ्या पाइपातून ने. मजल्याच्या स्लॅबमधून जिथे पाइप जाईल तिथली फट अग्निरोधक भरणीने बुजवून घे, नाहीतर तळघरातल्या आगीचा धूर त्याच वाटेने वर येईल.

चालू-बंद करण्यासाठी दर वेळी जिना उतरावा लागत नाही. वेक-ऑन-लॅन नावाची सोय मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये सुरू केली, की १०२ बाइटांचा एक छोटा संदेश नेटवर्कवरून पाठवून संगणक जागा करता येतो.

तळघराची खोली मात्र केबलइतकीच काळजी मागते. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. माझी यंत्रे मिळून साधारण ६०० वॅट घेतात, म्हणजे अहोरात्र चालली तर दिवसाला १४.४ युनिट. पहिल्या उन्हाळ्यात दार बंद ठेवून मी दोन दिवस बाहेरगावी गेलो. परत येऊन कडीला हात लावला तर कडी कोमट लागली. मग हिशेब मांडला: आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा १० अंशांहून गरम होऊ द्यायची नसेल, तर ६०० वॅटसाठी तासाला सुमारे १८० घनमीटर हवा हलली पाहिजे. दाराच्या तळाशी जाळी आणि समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवला. आता यंत्रांच्या आत जाणारी हवा २७ अंशांच्या खाली राहते.

ओल ही दुसरी गोष्ट. चालू यंत्र सभोवतालच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणून त्याच्यावर दव धरत नाही. भीती असते ती दमट दिवसांत बंद, थंड पडून राहिलेल्या यंत्राची. मी आर्द्रतामापक लावला आहे आणि काटा ६० टक्क्यांवर गेला, की आर्द्रता शोषणारे यंत्र सुरू करतो. यंत्रे ठेवायची मांडणी, म्हणजे रॅक, जमिनीवर ठेवू नकोस, वीतभर उंच ओट्यावर ठेव. त्याच्या डोक्यावरून पाण्याची नळी जाणार नाही याची खात्री कर, आणि पाणी लागताच वाजणारा सेन्सर जमिनीवर ठेव. यूपीएस आणि चांगले अर्थिंग हवेच.

हे सगळे जुळून आल्यावरची पहिली संध्याकाळ तुला सांगायलाच हवी. मी टेबलाशी बसलो, पडदा उजळला, हेडफोन चढवले आणि मायक्रोफोनची पातळी हळूहळू वाढवत नेली. एरवी जिथे घरघर सुरू होई, तिथे काहीच नव्हते. आणखी वाढवली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला, आणि मग माझ्या सदऱ्याच्या बाहीचा टेबलाला झालेला स्पर्श. मी बराच वेळ काही न बोलता नुसता ऐकत राहिलो.

तळघरापासून तुझ्या टेबलापर्यंतचे अंतर सरळ रेषेत न मोजता, पाइप ज्या वळणांनी जाईल त्याच वळणांनी दोरी टाकून मोज, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जादा धर आणि तो आकडा मला कळव. केबलची लांबी आपण दोघे मिळून ठरवू. ओढायच्या दिवशी मी येतो. एकाने खालून सोडायची आणि दुसऱ्याने वरून ओढायची, हे काम एकट्याचे नाही.

घरातील सर्व थोरांना माझा नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांग. कळावे, लोभ असावा.

तुझाच,
जुना मित्र