नागपूरच्या लॉजात लेकरांसोबत

ती. आई-बाबांना सा. न.

माझ्या लेकरांना घेऊन तुम्ही दोन दिवस नागपूरला मुक्काम करायचं ठरवलं, हे बरं केलं. फक्त महिना मे आहे, आणि साध्या लॉजात उन्हाळ्यानेच जास्त हाल होतात. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते.

लॉज गणेशपेठ स्टँडच्या जवळपासच पाहा. रमण विज्ञान केंद्र तिथून जवळ आहे, गांधीसागर तलावासमोर. मेट्रोत बसायचं असेल तर बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला जा, दोन्ही मार्ग तिथेच मिळतात.

खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाबा, आई खाली लेकरांजवळ थांबेल, तुम्ही वर जाऊन पाहून या. पहिला मजला मागा. सगळ्यात वरचा अजिबात नको, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र खोलीत धग सोडत राहतो. रस्त्याकडच्या खोलीत हॉर्नमुळे धाकटा झोपणार नाही, म्हणून मागची घ्या. पण तिला कुलरशिवाय आणखी एक खिडकी किंवा झरोका हवा. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती निघायला वाट नसली की खोली नुसती दमट होते आणि अंग चिकचिकतं. मॅनेजर म्हणेल, दारं-खिडक्या बंद ठेवा, गार होईल. ते एसीला लागू आहे, कुलरला नाही.

कुलर लोखंडी असेल तर जास्त सांभाळायचं. अर्थिंग नीट नसेल तर ओल्या हाताला शॉक बसतो. पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, प्लगची पिन काढायला लावा. पलंग कुलरपासून इतका लांब ठेवा की झोपेत लेकराचा हात तिथे पोचू नये. टाकी लहान असली तर पहाटे पाणी संपतं आणि कुलर गरम वारा फेकतो. रात्री दहाला लॉजच्या पोराकडून पुन्हा भरून घ्या.

पलंग भिंतीला टेकवून धाकट्याला भिंतीकडे निजवा, फट राहिली तर तिथे चादरीची गुंडाळी कोंबा. गादीच्या शिवणी उलटून पाहा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत समजा आणि गादी नाही, खोलीच बदलून मागा. खिडकीला गज नसतील किंवा गजांत लेकराचं डोकं जाईल इतकी जागा असेल, तर ती खोली नको. गज असले तरी खिडकीखाली खुर्ची ठेवायची नाही.

आता पाणी. गच्चीवरची टाकी उन्हात इतकी तापते की दुपारी नळाचं पाणी चटका देतं. लेकरांची आंघोळ सकाळी लवकर उरका, संध्याकाळसाठी सकाळीच बादली भरून ठेवा. पण भरलेली बादली आणि तीन वर्षांचं पोर यांचं जमत नाही. वीतभर पाण्यातही लेकरू बुडतं. म्हणून बाथरूमला बाहेरून कडी हवीच, तीही खोली घेण्याआधी पाहा. आतली कडी खाली असेल तर मोठी आत गेल्यावर दारावर टॉवेल टाका, म्हणजे दार पूर्ण लागत नाही.

किटली मिळाली तर पाण्यापुरतीच वापरा. दूध तिच्यात तळाला लागतं, उतू जाऊन बटनात शिरतं. दूध कपभर आणा आणि लगेच संपवा, या उन्हात तापवलेलंही टिकत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, अंदाजाने अर्ध्या ग्लासात नाही, आणि कालवलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. पोहे लेकरांना तर्रीशिवाय, म्हणजे वरच्या तिखट रश्श्याशिवाय सांगा. सावजीच्या झणझणीत जेवणाचा मोह बाबांनीच काय तो करावा.

काउंटरवर दोन गोष्टी विचारा: भाडं टॅक्ससकट किती, आणि चेकआउट दुपारी 12 ला की 24 तासांनी. दुपारी 3 ला पोचलात तर 12 च्या लॉजात दोन दिवसांच्या पैशात तीन तास वाया जातात. जादा गादीचे पैसे आधीच बोलून घ्या, आगाऊ रकमेची पावती घ्या. आधार कार्ड मूळ दाखवायचं. झेरॉक्स मागितली तर तिच्यावर ‘फक्त लॉज नोंदणीसाठी’ आणि तारीख लिहून द्या. लेकरांचं आडनाव तुमच्यापेक्षा वेगळं, म्हणून मॅनेजर विचारणारच. त्यांच्या आधारच्या प्रती आणि माझा नंबर जवळ ठेवा, माझ्याशी बोलणं करून द्या. लॉजचं कार्ड घेऊन मोठीच्या फ्रॉकच्या खिशात घाला, धाकट्याच्या चड्डीला पिनेने लावा.

एसटीत आईला महिलांचं अर्धं तिकीट आहेच, बाबांना 65 च्या वरचं अर्धं. मोठीचं अर्धं, धाकट्याचं काही नाही. आधार पिशवीच्या तळाशी ठेवू नका, कंडक्टर मागतो. सकाळची पहिली गाडी धरा. दुपारची गाडी रिकामी मिळेल, पण तिच्या पत्र्याखाली लेकरं भाजून निघतील.

खोली ठरली की नंबर कळवा.

तुमची लेक